निरर्थकाचे तात्पर्य

मुलांच्या हाती द्यावयाच्या गोष्टीला तात्पर्य हवे, असा आपल्याकडे फार जुना दंडक आहे. विष्णुशर्म्याने तीन मंदबुद्धी राजपुत्रांना सहा महिन्यांत शहाणे करून सोडण्याचा विडा उचलला तो गोष्टींच्याच बळावर. आणि त्याच्या पंचतंत्रात एकाही कोल्ह्याला वा कावळ्याला उगाच तोंड उघडण्याची मुभा नाही. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी तंजावरास १८०६ साली निघालेली 'बालबोध मुक्तावली' म्हणजे इसापाच्या नीतिकथाच. पुढे शाळाखात्याच्या क्रमिक पुस्तकांनीही हीच वाट मळविली. गोष्टीखाली 'तात्पर्य' हा शब्द दिसल्यावाचून गोष्ट संपली, असे ना मुलांना वाटे ना मास्तरांना. मी सदतीस वर्षे फळ्यापाशी उभा होतो. तेव्हा ह्या दंडकाचा मी कसा पाईक होतो हे वेगळे सांगावयास नको.

अशा शिस्तीत मुरलेल्या वाचकाच्या हाती लुइस कॅरॉलचे 'ॲलिस इन वंडरलँड' पडले म्हणजे त्याची मोठी पंचाईत होते. एक मुलगी सशामागे धावत बिळात पडते. काही खाल्ले की ताडासारखी वाढते, काही प्याले की बोटाएवढी होते. एक सुरवंट तिला 'तू कोण?' असे दरडावून विचारतो. एका चहाच्या मेजावर सदासर्वकाळ सहाच वाजलेले असतात. एक राणी न्यायसभेत निर्णयापूर्वीच शिक्षा फर्मावू पाहते. आणि शेवटी ती मुलगी जागी होते. ह्यात तात्पर्य कोणते? बरे, काढू म्हटले तर ग्रंथकार आपली वाट अडवूनच बसलेला. त्याच्या गोष्टीतली एक डचेस प्रत्येक क्षुल्लक बाबीतून नीतिबोध पिळून काढते, आणि तो हटकून विसंगत निघतो. ही सरळसरळ आम्हा मास्तरमंडळींची थट्टा आहे!

ग्रंथकार स्वतः मास्तरच होता. चार्ल्स लटविज डॉजसन हे त्याचे खरे नाव. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात तो गणित शिकवी. ४ जुलै १८६२ रोजी, होडीतून सहलीला जाताना, महाविद्यालयाच्या प्रमुखाच्या तीन मुलींना रमविण्यासाठी त्याने ही कहाणी सुचेल तशी सांगितली. त्यांतल्या दहा वर्षांच्या ॲलिसने ती लिहून देण्याचा हट्ट धरला, आणि १८६५ साली पुस्तक निघाले. आमच्या कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. म्हणजे हे पुस्तक त्या वाचनालयाहून एका वर्षाने धाकटे. पुढे 'फास्टर फेणे'चे जनक भा. रा. भागवत ह्यांनी ॲलिसला 'जाई' केले, आणि 'जाईची नवलकहाणी' ह्या नावाने ती मराठी घरांत वावरू लागली. आमच्या घरी ती आली ती ह्याच मराठी वेषात, धाकट्या नातीच्या दप्तरातून.

ह्या पुस्तकाचा अर्थ लावण्याचे प्रयत्न थोडे झालेले नाहीत. कोणाला त्यात मनोविश्लेषण दिसले, कोणाला त्या काळच्या गणितातील वाद, कोणाला इंग्लंडचे राजकारण. पण कॅरॉलने चहाच्या मेजावर एक कोडे घातले आहे: डोमकावळा आणि लिहिण्याचे मेज ह्यांत साम्य कोणते? लोक उत्तर विचारून विचारून थकले, तेव्हा १८९६ सालच्या प्रस्तावनेत त्याने स्वतःच कबूल केले की, कोडे रचताना उत्तर मुळी योजलेलेच नव्हते. कुलूप आहे, पण किल्ली घडविलेलीच नाही!

मजला वाटते, इथे आपल्या शास्त्राचा थोडा आधार घ्यावा. वाक्यापासून अर्थबोध होण्यास आकांक्षा, योग्यता व सन्निधी ही तीन अंगे लागतात, असे नैयायिक सांगतात. 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' असे नुसते शब्द मांडले तर त्यांना एकमेकांची अपेक्षा नाही. तेथे आकांक्षा नाही. एक शब्द आता व दुसरा प्रहराने उच्चारला तर सन्निधी नाही. आणि 'अग्नीने शिंपतो' असे म्हटले तर व्याकरण बिनचूक, पण शिंपण्याची योग्यता अग्नीच्या ठायी नाही. ह्या कसोटीला लावून पाहिले की कॅरॉलची गंमत ध्यानी येते. त्याच्या वाक्यात आकांक्षा आहे, सन्निधी आहे, व्याकरण तर धुतल्या तांदळासारखे. केवळ योग्यता तेवढी त्याने हळूच काढून घेतली आहे. त्याचे ते प्रसिद्ध मांजर शेपटाकडून विरत जाते आणि हसू मात्र मागे उरते. गुण हा द्रव्याच्या आश्रयानेच राहतो, हा वैशेषिकांचा सिद्धांत ज्याने घोकला आहे, त्याला ह्या आश्रयहीन हास्याची मौज इतरांहून दुप्पट वाटेल.

परंतु शास्त्रकार ह्या तिघांवर थांबत नाहीत. तात्पर्यज्ञान हे चौथे अंगही त्यांनी सांगितले आहे. हे तात्पर्य म्हणजे इसापाचे तात्पर्य नव्हे; वक्त्याची इच्छा, त्याच्या मनी काय आहे, ते तात्पर्य. 'सैंधव आण' असे कोणी म्हटले, तर जेवणाच्या पानावर बसलेल्या माणसाला मीठ हवे आणि प्रवासाला निघालेल्याला घोडा. शब्द तेच, अर्थ वक्त्याच्या स्थितीवरून कळावयाचा. पंतोजींचे तात्पर्य गोष्टीच्या शेवटी असते. शास्त्रकारांचे तात्पर्य बोलणाऱ्याच्या हृदयात असते.

हा भेद मनात धरला की निरर्थक वाङ्मय आपल्याला परके वाटेनासे होते. योगवासिष्ठात 'बालकाख्यायिका' आहे. एक दाई मुलाला गोष्ट सांगते: शून्य नगरात तीन राजपुत्र होते, त्यांपैकी दोघे जन्मलेच नव्हते आणि तिसरा गर्भातही आला नव्हता. ते नसलेल्या झाडांची फळे खातात, पाणी नसलेल्या नद्यांत न्हातात. मूल ती गोष्ट खरी मानून आनंदाने ऐकते. वसिष्ठ ही कथा रामाला सांगून तिच्यातून जगाच्या मिथ्यात्वाचा बोध काढतात. आपल्या संतांनीही काट्याच्या अणीवर गावे वसविली, मुंगीकडून सूर्य गिळविला. पण ती कूटे आहेत, आणि त्यांची किल्ली अनुभवी पुरुषापाशी असते. माझे लक्ष मात्र त्या दाईकडे जाते. मिथ्यात्वाचा सिद्धांत वसिष्ठांचा. दाईच्या ध्यानीमनीही तो नसेल. मग तिच्या बोलण्याला तात्पर्य नव्हते काय? होते. मुलाचे मन रमावे, एवढेच तिचे तात्पर्य. वाक्यार्थ शून्य असूनही तात्पर्य भरलेले असू शकते, ही गोष्ट मजला फार मोलाची वाटते. आणि तिची प्रचीती गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातच आली.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, माझ्याहून पंधरा वर्षांनी वडील. यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. गेली दोन वर्षे तिला विस्मृतीने घेरले आहे. गीतेत स्मृतिभ्रंश क्रोध आणि मोह ह्यांच्या मागून येतो. अक्काने जन्मात कोणावर आवाज चढविला नाही, तिच्याकडे तो केवळ वार्धक्याच्या वाटेने आला. विठ्ठलवाडी स्टेशनापासून आमचे घर जवळ. गाड्यांचा खडखडाट दिवसभर कानी येतो. कर्जतकडे जाणारी गाडी वाजली की अक्का उठून बसते आणि विचारते, "दादा आले का? आधण ठेवू का?" दादा म्हणजे आमचे वडील. मुंबईस एका कचेरीत कारकून होते. संध्याकाळच्या गाडीने कल्याणास परत येत. त्यांना जाऊन आता चाळिसांवर वर्षे झाली, १९७९ साली ते वारले.

अशा वेळी घरातील माणसे खरे ते सांगतात. "अहो अक्का, दादा कधीच गेले," असे सून समजुतीने सांगे. ऐकताच अक्काचा चेहरा पडे, डोळ्यांना धार लागे. कारण तिच्या लेखी ते वर्तमान नवेच असे. अर्ध्या तासाने सारे पुसले जाई, पुढची गाडी वाजे, आणि पुन्हा तोच प्रश्न. एकेका दिवशी त्या बिचारीचे वडील तीन-तीनदा वारत.

एका संध्याकाळी माझी नऊ वर्षांची नात तिच्यापाशी जाईचे पुस्तक वाचीत बसली होती. गाडी गेली, प्रश्न आला. नातीने पुस्तक पालथे ठेवले आणि विचारले, "अक्काआजी, दादा कोणत्या डब्यात बसायचे?" अक्का क्षणभर थांबली. मग म्हणाली, "मागच्या. पुलाजवळ उतरायला बरं." "येताना काय आणायचे?" आणि अक्का सांगू लागली. कचेरीतले एका बाजूने कोरे राहिलेले कागद दादा घरी आणीत, दाभणाने शिवून त्यांची वही करीत. चौथीनंतर अक्काची शाळा सुटली होती. चहा झाला की दादा तिला त्या वहीत शुद्धलेखन घालीत, हिशेब शिकवीत, रामरक्षेचा अर्थ सांगत. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. माझ्याच वडिलांची ही हकिगत मी साठी उलटल्यावर प्रथम ऐकली.

ते 'आधण ठेवू का' म्हणजे गाडीची चौकशी नव्हती, चहाचीही नव्हती. शाळा सुटलेल्या एका मुलीच्या दिवसातला तो एकच तास होता, आणि तो येण्याची ती वाट पाहत होती. चहाच्या मेजावर सहाच वाजलेले राहतात, ह्या कल्पनेला आपण हसतो. पण एखाद्याचे घड्याळ थांबावयाचेच असेल, तर ते जीवाला प्रिय अशाच घटकेवर थांबत असेल काय, असे माझ्या मनात आले.

मी नातीला विचारले, "हे तुला कसे सुचले?" ती म्हणाली, "आजोबा, जाई खाली गेली ना, तिथं सगळं वेगळंच असतं. 'हे चूक आहे' म्हटलं की ते लोक भांडतात. म्हणून आधी विचारायचं, तुमच्याकडे कसं असतं?" मग थोडे थांबून तिने पुस्ती जोडली, "पण चहाच्या मेजावरून जाई रागावून उठून गेली. ते लोक उद्धट होते. अक्काआजी उद्धट नाही, म्हणून मी उठले नाही." वाचन ह्याहून अधिक बारकाईने माझ्या वर्गातही क्वचितच झाले असेल.

माझ्या पुतण्याने मात्र एक शंका काढली, आणि ती रास्त होती. "काका, पोरीला खोटे बोलावयास शिकवावयाचे काय?" मी ह्या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला. नातीने खोटे काहीच सांगितले नव्हते. तिने केवळ विचारले होते. पुढे एकदा अक्काने तिला स्पष्टच विचारले, "दादा येतील ना गं?" तेव्हा पोर गोंधळली, माझ्याकडे पाहू लागली, आणि मग म्हणाली, "ते मला नाही सांगता येणार, अक्काआजी. पण वहीचं सांगा ना." योगसूत्रावरील व्यासभाष्यात सत्याचे विवेचन आहे. आपल्या मनीचा बोध दुसऱ्याच्या मनी उतरावा म्हणून वाणी असते. ती फसवी नसावी, भ्रांत नसावी आणि 'प्रतिपत्तिवंध्य'ही नसावी, म्हणजे ऐकणाऱ्याच्या ठायी जिच्यापासून बोध उपजतच नाही अशी नसावी. शिवाय ती प्राण्यांच्या उपकारासाठी असावी, उपघातासाठी नव्हे. 'दादा गेले' हे वाक्य खरे खचितच. पण अक्काच्या ठायी ते वंध्य आहे. बोध टिकत नाही, घाव मात्र प्रत्येक वेळी बसतो. हल्ली ह्या विकाराचे जाणते वैद्यही सांगतात की, अशा माणसाशी वाद घालू नये, त्याच्या बोलण्यामागील भावनेला उत्तर द्यावे. भाष्यकारांचे म्हणणे ह्याहून फारसे वेगळे नाही.

तेव्हापासून आमच्या घरातली रीत पालटली. सून आता, "कोणत्या कपात देऊ म्हणता?" असे विचारते. अक्काची विस्मृती हटलेली नाही, ती हटावयाचीही नाही. वाईट दिवस येतात, रात्री ती कोणालाच ओळखत नाही असेही होते. परंतु रोजचे ते सुतक संपले, आणि एकत्र कुटुंबाला हा लाभ लहान नव्हे.

वाचकहो, प्रत्येक नांदत्या घरात कोणीतरी निरर्थक बोलत असतेच. पाळण्यातले बाळ बोलते, तापाने फणफणलेला बोलतो, शेवटी शेवटी म्हातारे माणूस बोलते. बाळाच्या बोबड्या शब्दांना अर्थ देताना घरातल्या बायाबापड्यांत चढाओढ लागते. म्हाताऱ्याच्या वाट्याला मात्र दुरुस्ती येते. दोहोंच्या वाक्यांत योग्यता सारखीच नसते, आणि दोहोंच्या मनी तात्पर्य सारखेच असते.

म्हणून माझी विनंती एवढीच की, मुलांच्या फळीवर पंचतंत्र नि इसापनीती ह्यांच्या शेजारी ह्या निरर्थक कहाणीलाही जागा असावी. नीतिकथा मुलाला शहाण्यांच्या गावात कसे वागावे ते शिकविते. जिथे आपले शहाणपण चालत नाही अशा गावी गेल्यावर नम्रपणे प्रश्न कसा विचारावा, हे ह्या कहाणीत जाई स्वतः धडपडत शिकते आणि तिच्या मागोमाग वाचणारे मूलही शिकते. मात्र ती देताना 'ह्यावरून काय बोध घेतलास?' असे विचारण्याची घाई वडीलधाऱ्यांनी करू नये. मूल हसत असेल तर हसू द्यावे. बोध घ्यावयाचा असेल तर तो त्याने घेतलेला असतो, आणि कोणत्या दिवशी, कोणासाठी तो उपयोगी पडेल, हे त्याला तरी कोठे ठाऊक असते?