उभा शोध, आडवा शोध

खातेवही संगणकावर गेली, तरी पेढीवरचा प्रश्न तोच राहिला : कोणाकडे किती येणे? एक्सेलमध्ये त्यासाठी दोन सूत्रे आहेत. व्हीलुकअप पहिल्या स्तंभात नाव शोधून त्याच ओळीतील उजवीकडची रक्कम देते. एचलुकअप पहिल्या ओळीत, समजा महिना शोधून, त्याखालील आकडा देते. ग्राहक वाढत जातात, महिने बाराच राहतात. म्हणून उधारीची यादी उभी असावी. एक्सेलच्या एका पानावर ओळीही १०,४८,५७६ असतात, स्तंभ मात्र १६,३८४.

एका पेढीवर नातवाने अशी उभी यादी केली. ती पाहताना आजोबा एका नावाशी थबकले. “अरे, यांनी दिवाळीपूर्वीच हिशेब चुकता केला आहे. मग ही बाकी कोणाची?”

सूत्राच्या शेवटी ‘फॉल्स’ लिहायचे राहिले होते. ते नसले, की यादी वर्णानुक्रमे आहे असे गृहीत धरून संगणक जवळचे नावही स्वीकारतो. यादी तशी नव्हती. दुसऱ्याचीच बाकी त्यांच्या नावावर आली होती. मागणीचे पत्र तयार होते. आजोबांनी ते फाडले.

उभे सूत्र की आडवे, हे मांडणी ठरवते. फेडलेले ऋण पुन्हा मागितले जाऊ नये, ही काळजी मात्र पेढीनेच घ्यायची असते.