स्पीतीला जावे सावकाश

हिमालयात वाळवंट असेल, असे कुणाला वाटणार नाही. पण हिमाचल प्रदेशातील स्पीतीचे खोरे पर्जन्यछायेत आहे. पावसाळी ढग डोंगरांपलीकडेच रिते होतात. म्हणून डोंगर उघडेबोडके आणि गावे तेवढी पाटाच्या पाण्यावर हिरवी.

तिथे जायला मोटारच भाड्याने घ्यावी असे नाही. सिमल्याहून रेकाँग पिओ आणि तिथून सरकारी बसने काझा गाठता येते. रस्ता सतलजच्या कड्यांत कोरलेला, खाली खोल दरी. नवखा प्रवासी जीव मुठीत धरून बसतो, गावकरी मात्र निवांत डुलक्या घेतात. खाबजवळ स्पीती नदी सतलजला मिळते. पुढे ताबो लागते. तिथला मातीचा मठ इ. स. ९९६ मधला.

मनालीहून अंतर कमी, पण कुंझुम खिंड ४,५०० मीटरहून उंच आणि हिवाळ्यात बंद. एका दिवसात एवढी चढण अनेकांना बाधते. डोके ठणकते, अन्न नकोसे होते. त्रास वाढला तर हट्ट सोडून खाली उतरावे.

पिओच्या वाटेने एकदोन मुक्काम जास्त पडतात, पण शरीराला उंचीची सवय होते. मुलाबाळांसह निघालेल्यांनी पैशांसाठी निवडलेली संथ बस अशी प्रकृतीच्याही पथ्यावर पडते.