नदीच्या वरच्या अंगाला

हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात उगम पावते, आजरा व गडहिंग्लज मागे टाकून आमच्या संकेश्वरास येते आणि पुढे घटप्रभेस मिळते. संकेश्वरची ओळख वाचकांस शंकराचार्यांच्या मठामुळे असेल, किंवा स्वयंपाकघरातील तांबड्या मिरचीमुळे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा संकेश्वर म्हैसूर राज्यात आले आणि वरच्या अंगाचे गडहिंग्लज मुंबई राज्यात राहिले. मध्ये अंतर ते काय, सुमारे १५ किलोमीटर. सोयरीक, बाजार, दवाखाना यांसाठी माणसे रोज ये-जा करतात. हिटणीचा नाका ओलांडताना उसाच्या फडांत काही फरक दिसत नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही हा प्रवास केला तो मात्र एका दाखल्यापायी. आमच्या शाळेतील सातवीच्या एका मुलाचे वडील येऊन म्हणाले, "सर, वर्षअखेरीस पोराचा दाखला द्या. फुटबॉलसाठी गडहिंग्लजला घालतो." सीमाभागातील सरकारी मराठी शाळेत पटसंख्या ही काय चीज आहे, हे मुख्याध्यापकालाच ठाऊक. एकेक मूल तळहातावरच्या फोडासारखे जपावे लागते. शिवाय हा मुलगा शाळेच्या चेंडूचा कारभारी. हवा भरणे, कपाटाची किल्ली सांभाळणे, सारे त्याच्याकडे. आम्ही होय म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. आधी ते मैदान पाहावे असे ठरविले.

दिवाळीच्या सुमारास गडहिंग्लज युनायटेड फुटबॉल असोसिएशन एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर अखिल भारतीय स्पर्धा भरविते. तालुक्याच्या गावात परप्रांतांतून संघ येतात, ही गोष्टच मुळी नवलाची. फराळ आटोपून घरेच्या घरे मैदानाकडे निघालेली आम्ही पाहिली. म्हातारी माणसे, कडेवरची पोरे, सगळी. गर्दीत आमच्या गावचे निदान दहा-बारा चेहरे दिसले. एक ओळखीचे किराणा दुकानदार गडहिंग्लजच्या पोरांना शुद्ध कन्नडमधून प्रोत्साहन देत होते आणि पंचांना तितक्याच शुद्ध मराठीतून दूषणे! सामना कर्नाटकातून आलेल्या संघाशी होता, याचे त्यांना भान होते की नाही, देव जाणे.

या भागात हा खेळ इतका रुजला कसा, ते कोल्हापूरकडे पाहिल्यावाचून उमगत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचे मैदान उभारले. पेठापेठांतून तालमी होत्याच. त्या तालमींच्या पोरांनी पुढे फुटबॉल जवळ केला, आणि तालमीचे नाव तेच संघाचे नाव झाले. मंगळवार पेठेची पाटाकडील तालीम नि बालगोपाल तालीम, शिवाजी पेठेची खंडोबा तालीम, दिलबहार तालीम ही नावे ऐकून परक्यास कुस्तीचा फड आठवावा; पण शाहू स्टेडियमवर ती चेंडूमागे धावतात. १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन त्यांची लीग चालविते. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला, त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच.

खेळ मूळचा इंग्रजांचा. तिकडेही क्लब असेच उपजले. १८५७ साली शेफील्ड येथे क्रिकेट खेळणाऱ्या तरुणांनी फुटबॉल क्लब काढला. जगातील सर्वांत जुना तो हाच मानतात. १८८८ साली बारा क्लबांनी मोठी लीग सुरू केली, तीत शेफील्ड नव्हता. पुढेही तो खालच्या पायऱ्यांवरच खेळत राहिला. त्यास स्वतःचे म्हणावे असे मैदान मिळाले ते २००१ साली, आणि तेही शेजारच्या ड्रॉनफील्ड गावी. शेफील्ड यॉर्कशायरात, ड्रॉनफील्ड डर्बीशायरात! हे वाचले तेव्हा आम्हांस आमचे दुकानदार आठवले.

लहान क्लबांचे दुखणे मात्र सर्वत्र एकच दिसते. पैसा वर्गणीचा, मैदान दुसऱ्याचे, आणि चांगला खेळाडू तयार झाला की तो जाणार. कोल्हापुरात पूर्वी पेठेचा संघ म्हणजे पेठेचीच पोरे. आता बाहेरगावचे, प्रसंगी परदेशी खेळाडूही आणतात. जुन्या मंडळींस हे रुचत नाही. आम्हांसही रुचत नव्हते. पण आमचाच एक मुलगा बाहेरगावचा खेळाडू व्हावयास निघाला होता, तेव्हा बोलावे कोणत्या तोंडाने?

सामन्यानंतर अंधार पडेपर्यंत तिथली लहान मुले मैदानावर खेळत होती. दोघे तरुण त्यांना रांगेत उभे करून एकाच पायाने चेंडू थांबविण्यास शिकवीत होते. पुन्हा पुन्हा, न कंटाळता. आमच्या शाळेत असे कोणी नाही. परतीची शेवटची गाडी चुकेल या भीतीने आम्ही निघालो.

एप्रिलात निकाल लागला. शाळा सोडण्याच्या कारणापुढे आम्ही नेहमीप्रमाणे 'पालकांच्या विनंतीवरून' असे लिहिले आणि सही केली. मुलाने दाखला वडिलांच्या हाती दिला व कपाटाची किल्ली आमच्या टेबलावर ठेवली.

"सर, चेंडूत दर सोमवारी हवा भरावी लागते," तो म्हणाला. "वॉल्व्ह जरा सैल आहे." ते काम कोणास द्यावे, असे आम्ही विचारले. त्याने सहावीतल्या एका मुलाचे नाव सांगितले.