तंजावरची वही

प्रवासाचा शेवटचा दिवस देवदर्शनाचा नसून हिशेबाचा असतो, असें आमचें जुनें मत आहे. मदुरा, कन्याकुमारी, रामेश्वर, श्रीरंगम् असे बारा दिवस हिंडून आम्ही आठ जण तंजावरास आलों होतों. रात्रीच्या गाडीनें चेन्नई गांठावयाची व तेथून पुण्यास परतावयाचें. फोनवरून पैसे देण्याची सोय असतांहि आमचे वडील बंधु अण्णा यांनीं सर्वांची वर्गणी रोकड घेतली होती. ३४ वर्षें हिशेबखात्यांत घालविलेल्या या गृहस्थांस वहीवांचून करमत नाहीं, हें ठाऊक असल्यानें कोणी वाद घातला नाहीं.

सकाळीं ताळेबंद सुरू झाला आणि पिशवींत ६,४०० रुपये अधिक निघाले. कमी पडलेल्या पैशांचीं कारणें शेंकड्यांनीं सांपडतात. अधिक उरलेल्यांचें बहुधा एकच असतें, व तें वहींत असतें. अण्णांनीं तीन वेळां बेरीज केली. चौथ्या वेळीं त्यांचा हात थरथरूं लागला. आम्हीं खांद्यावरून वाकून पाहिलें, तों रामेश्वरच्या लॉजचें बिल लागोपाठच्या दोन पानांवर दोनदां मांडलेलें! अक्षर तेंच, सुरेख व वळणदार. आम्ही बोलणार, इतक्यांत वहिनींनीं आमच्याकडे पाहून किंचित् मान हलविली. त्या नजरेंत आश्चर्य नव्हतें. बारा दिवस सर्वांचीं तिकिटें त्या आपल्याच बटव्यांत कां जपीत होत्या, याचा उलगडा आम्हांस तेव्हां झाला.

“असूं द्या हो तें, आधीं देऊळ पाहून येऊं,” त्या अण्णांना म्हणाल्या.

अर्धी मंडळी मान हलविणाऱ्या बाहुल्या घेण्यास बाजारांत गेली. (प्रत्येक घरांत अशी एक असतेच, तरी दुसरी घेतात.) बाकीचे आम्ही बृहदीश्वराच्या आवारांत शिरलों. राजराज चोळानें इ. स. १०१० च्या सुमारास पुरें केलेलें तें विमान सुमारें ६६ मीटर उंच आहे. सर्वांच्या माना वर गेल्या. अण्णा मात्र जोत्याकडे पाहात उभे. तेथील तमिळ लेखांत देवास वाहिलेले दागिने त्यांच्या वजनांसकट नोंदलेले आहेत. मंदिराच्या सेवेंतील ४०० नर्तकींना कोणतें घर दिलें, वर्षाचें भात किती, हेंहि त्यांत आहे, असें वाटाड्यानें सांगितलें.

“म्हणजे हा राजा आमच्याच खात्यांतला!” अण्णा म्हणाले, आणि सकाळपासून प्रथमच हंसले.

मग आम्ही नैर्ऋत्येकडील भिंतीवरच्या मराठी लेखाशीं आलों. व्यंकोजीपासून १८५५ पर्यंत येथें भोसल्यांचें घराणें नांदलें. त्या घराण्याचा इतिहास सरफोजीराजांनीं १८०३ मध्यें देवनागरींत कोरविला. मुलुखापासून इतक्या दूर, चहूंकडे तमिळ कानीं पडत असतां, आपली भाषा भिंतीवर भेटली म्हणजे घसा दाटून येतो. त्या जुन्या मराठींत आम्ही पावलोंपावलीं अडखळत होतों, आणि अण्णा मात्र ओळीवर बोट धरून भराभर वाचीत होते. व्यंकोजी, शहाजी, सरफोजी, तुकोजी अशी पुढची मालिकाहि त्यांनीं तोंडपाठ सांगितली. आम्हांस धीर आला. सकाळची ती चूक, दुसरें काय! प्रवासाच्या शिणानें कोणाची होत नाहीं?

नंदीपाशीं येऊन बसल्यावर अण्णांनीं विचारलें, “तंजावरास उद्यांच जायचें ना?”

कोणीच कांहीं बोलेना. चारचौघांत नवऱ्याचा हात धरण्याची रीत आमच्या घरांत नाहीं. वहिनींनीं तो धरला. “आलोंच कीं आपण,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळीं स्टेशनावर अण्णांनीं पुन्हां पिशवी उघडली. कारण सांपडत नसेल तर पैसे ज्याचे त्यास, असें म्हणून त्यांनीं प्रत्येकाच्या हातावर ८०० रुपये ठेवले आणि वहींत सह्या घेतल्या. आम्हींहि केली. मग ते फलाटावर सामान मोजूं लागले.

“पुढच्या खेपेस वही तुम्हीच लिहाल ना, भाऊजी?” वहिनींनीं हलकेच विचारलें.

“अण्णाच लिहितील,” आम्हीं म्हटलें. “आम्ही शेजारीं बसूं.”