आम्ही हसलो, तिथेच चुकलो

जयंतीच्या वर्गणीचा हिशेब चालला होता. आमच्याच वस्तीतला एक भाऊ चहा घेऊन आला. वय अठ्ठावीस, जन्मापासून बौद्धिक अपंगत्व. त्याला वाचता येत नाही, पण मिरवणुकीत पाणी वाटण्याचं काम दरवर्षी त्याचंच, आणि ते कधी चुकलेलं नाही. चहा देता देता तो म्हणाला, "दादा, तुम्ही सगळ्यांची लग्नं लावून देता. माझं कधी लावणार?"

आम्ही सगळे हसलो. तो हसला नाही.

त्याच्यासोबत कार्यशाळेत मेणबत्त्या बनवणारी एक मुलगी त्याला आवडते. तिलाही तो आवडतो, हे ती स्वतः सांगते. तिच्या आईला भेटायला गेलो, तर मावशी म्हणाल्या, "बाळांनो, लग्नाचं राहू द्या. तिची पिशवी काढायचं ऑपरेशन कुठं होतं, तेवढं बघा."

आंतरजातीय जोडप्यांसाठी पोलीस ठाण्यात रात्री काढणारे आम्ही, त्या दिवशी गप्प बसलो.

मित्रहो, हे गप्प बसणं आपल्या विचारात बसत नाही. १९१६ साली बाबासाहेबांनी दाखवून दिलं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही त्याचीच हत्यारं. म्हणजे कुणी कुणावर प्रेम करायचं, हे दुसऱ्यानं ठरवणं हाच गुलामीचा पाया. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनीच घेतलं होतं. लैंगिक प्रश्नांना शास्त्रीय उत्तर देणं हा त्यांना गुन्हा वाटला नाही. मग आपल्याला या भावाशी, या बहिणीशी बोलायला लाज का वाटते?

मावशींची भीती खोटी नाही. अशा मुलींवर अत्याचार होतात, आणि करणारा बहुधा ओळखीतलाच असतो. पण पिशवी काढल्यानं अत्याचार थांबत नाही, फक्त दिवस जात नाहीत. म्हणजे पुरावा मिटतो आणि गुन्हेगार निर्धास्त होतो. १९९४ साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मुलींच्या पिशव्या पुण्यात काढल्या गेल्या. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण दिलं. महिला संघटना ओरडल्या, तेव्हा ते थांबलं. त्या मुलींना कुणी विचारलं होतं?

२००९ साली चंडीगडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, बौद्धिक अपंगत्व असलेल्या सज्ञान स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करता येत नाही. मूल हवं की नको हा निर्णय कलम २१ च्या व्यक्तिस्वातंत्र्यात येतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं कलम १० सांगतं, मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी शस्त्रक्रिया करता येणार नाही.

तरी अडथळा आहेच. ज्या विशेष विवाह कायद्याखाली आपण लग्नं लावतो, त्यातच मानसिक विकारामुळे 'विवाहास आणि संततीस अपात्र' अशी अट आहे. अपात्र! हा शब्द आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकलाय. पाणवठ्याला अपात्र, शाळेला अपात्र, नोकरीला अपात्र. आता तोच शब्द आपण आपल्याच माणसाला लावणार का?

संमती समजते की नाही, हे प्रमाणपत्रावरच्या टक्क्यावरून ठरत नाही. ती समजावून द्यावी लागते, चित्रं दाखवून, सोप्या शब्दांत, पुन्हापुन्हा. शरीराच्या अवयवांची खरी नावं, पाळी, निरोध, 'नाही' म्हणणं, समोरच्याचं 'नाही' ऐकणं, आणि कुणी बळजबरी केली तर कुणाला सांगायचं, हे सगळं. ज्याला काहीच सांगितलेलं नसतं, त्यालाच फसवणं सोपं जातं.

आता दर रविवारी आमच्यातल्या दोघी-तिघं या दोघांसोबत बसतात. मावशीही येतात. लग्नाचं अजून ठरलेलं नाही. ठरवायचं त्या दोघांनी आहे, आम्ही नाही. परवा ती मुलगी त्याला म्हणाली, "आज हात धरू नको." त्यानं लगेच सोडला.

शिकलेल्या किती पुरुषांना एवढं जमतं?

जय भीम!