तेलाचा एक थेंब

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचा एक माजी विद्यार्थी आम्हांस त्याच्या कामाच्या ठिकाणी घेऊन गेला. विमानचालनाचे शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत तो तंत्रज्ञ आहे. बारावीनंतर त्याने हा मार्ग धरला तेव्हा आम्हीच त्याला अडवले होते. ‘हात काळे करण्यातून बापजाद्यांची नुकतीच सुटका झाली आहे, तू पदवी घे, कचेरीत बस,’ असे आम्ही त्याला बजावले होते. त्याने ऐकले नाही.

हँगरमध्ये चार आसनी सेसना १७२ उभे होते. इंजिनावरचे आवरण काढलेले होते. इंजिनाच्या तळाशी, तेलाच्या सम्पला बसवलेला बोटाएवढा ड्रेन व्हॉल्व्ह त्याने आम्हांस दाखवला. साधे बूच असले की दर खेपेस पाना लावावा लागतो. हा व्हॉल्व्ह वर दाबून फिरवला की उघडा राहतो आणि तेल नळीवाटे डब्यात उतरते. फिल्टर असलेल्या अशा इंजिनाचे तेल साधारण ५० तासांच्या उड्डाणानंतर बदलतात, नुसती जाळी असल्यास २५ तासांनी. तेही इंजिन गरम असताना, म्हणजे गाळ तेलाबरोबर निघून जातो.

“सर, बसवणे सोपे आहे, खात्री करणे अवघड,” तो म्हणाला. आटे स्वच्छ हवेत, पुस्तिकेत सांगितले असेल तेवढ्याच जोराने आवळायला हवे. मग सेफ्टी वायर अशा दिशेने पिळायची की व्हॉल्व्ह सैल होऊ लागताच तार ताणून त्याला अडवील. पुढचे चाक पोटात ओढून घेणाऱ्या विमानांत, ते चाक व्हॉल्व्हला लागत नाही ना, हेही पाहावे लागते; धक्क्याने तो आकाशातच उघडला तर तेल वाहून जाईल आणि इंजिन बंद पडेल.

नोकरीच्या पहिल्या वर्षातला प्रसंग त्याने सांगितला. तेल बदलून, इंजिन चालवून झाल्यावर व्हॉल्व्हखाली एक थेंब दिसला. पुसला, पुन्हा दिसला. उड्डाणाची वेळ झाली होती. ‘एका थेंबाने काय होते?’ असे वरिष्ठ म्हणाले. हा सर्वांत कनिष्ठ, पाठीशी कोणी नाही. तरी त्याने काम पूर्ण झाल्याची नोंद केली नाही. व्हॉल्व्ह उतरवला, तेव्हा आतली ओ-रिंग कडक होऊन चिरलेली निघाली. ती बदलली, विमान दोन तास उशिरा उडाले.

परतीच्या वाटेवर आम्ही फारसे बोललो नाही. बाबासाहेबांनी जातीला श्रमिकांची विभागणी म्हटले, हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. माणसावर लादलेले काम आणि त्याने बुद्धीने स्वीकारलेले काम यांतला भेद मात्र आम्हीच विसरलो होतो. हाताला कमी लेखण्याची ती जुनी सवय आमच्याही बोलण्यात शिरली होती.

यंदा जूनमध्ये आम्ही त्याला वसतिगृहातील नववी-दहावीच्या मुलांशी बोलण्यास बोलावले आणि स्वतः मागच्या बाकावर बसलो. ती चिरलेली ओ-रिंग त्याने जपून ठेवली होती. ती हातोहात फिरली. एका मुलीने ती बोटांत दाबून पाहिली आणि विचारले, “दादा, ही निकामी झाली हे बाहेरून कसे ओळखायचे?”

तो म्हणाला, “थेंबावरून. फक्त तो पुसून गप्प बसायचे नाही.”