पालीचा जठराग्नी

पाळलेली पाल खात नाही ही तक्रार आमच्याकडे येते, तेव्हा तिच्याबरोबर निदानही तयार असते: हिचे खाण्याचे चोचले फार. मग काय काय देऊन पाहिले याची यादी ऐकायला मिळते. रातकिडे झाले, मीलवर्म झाले, डुबिया झुरळे झाली, शेवटी मेणातल्या अळ्याही झाल्या. या यादीत पदार्थ असतात, पण काचपेटीतल्या जमिनीचे तापमान किती, हा आकडा सहसा नसतो. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य म्हणून माझे म्हणणे असे की, न खाणाऱ्या पालीला नवा खाऊ शोधण्याआधी तिच्या पोटाखालची ऊब मोजावी. बहुतेक वेळा अडचण तिथेच सापडते.

उदाहरणासाठी जगभर पाळली जाणारी लेपर्ड गेको घेऊ. 1854 साली एडवर्ड ब्लिथ यांनी पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगांमधून या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि लगतच्या कोरड्या, खडकाळ मुलखातली ही पाल आहे. तिच्या बोटांना भिंतीवर चढणाऱ्या पालीसारख्या चिकट गाद्या नसतात, आणि बहुतेक पालींना नसलेल्या हलत्या पापण्या तिला असतात. तिचा एक भाऊबंद, युब्लेफारिस फस्कस, महाराष्ट्राच्या दगडधोंड्यांतही राहतो. (त्याला रानातून उचलून घरी आणण्याचा विचारही कुणी करू नये.) ही पाल दिवसभर उन्हाने तापलेल्या दगडाखाली दडते आणि तिन्हीसांजेला शिकारीला निघते. ऊन अंगावर घेण्यापेक्षा दगडाने साठवलेली ऊब पोटातून घेणे, ही तिची रीत. पेटीतल्या पालीच्या भुकेचे कोडे या एका सवयीपाशी बरेचसे सुटते.

आपण भुकेला जठराग्नी म्हणतो. पालीच्या बाबतीत हा अग्नी शब्दशः शरीराबाहेर असतो. माणसाचे शरीर खाल्लेल्या अन्नाचा मोठा वाटा स्वतःला 37 अंशांवर ठेवण्यात जाळते. पाल तो खर्च करतच नाही. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानाने तिला फार थोडे अन्न पुरते. या काटकसरीची किंमत मात्र तिला मोजावी लागते. पाचकरस पाझरणे, आतड्यांची हालचाल, अन्नरस शोषला जाणे हे सगळे बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेच्या वेगाने चालते. पोटाखालची जमीन 31 ते 33 अंश असेल तर गिळलेला किडा नीट पचतो. तीच 23 अंशांवर आली की पचन रेंगाळते, आणि फारच गारठा असेल तर अन्न पोटात कुजून उलटून पडते. अशा शरीराला भूक न लागणे हे संरक्षण आहे, हट्ट नव्हे.

उष्णतेची सत्ता पचनापुरतीच नाही. या पालीची पिल्ले नर होणार की मादी, हेही अंडी कोणत्या तापमानात उबतात त्यावर ठरते. 26 अंशांच्या आसपास माद्या, 32.5 अंशांजवळ बहुतेक नर, आणि आणखी वर 34 अंशांपुढे पुन्हा बहुतेक माद्या. 1975 साली मॅथ्यू क्लुगर आणि सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांवर केलेला प्रयोग तर प्रत्येक पाल पाळणाऱ्याला ठाऊक असायला हवा. जिवाणूंचा संसर्ग झालेल्या इग्वानांपैकी ज्यांना जास्त तापमानात ठेवले, ते जास्त संख्येने जगले. थंड ठेवलेले जास्त मेले. आपल्याला ताप आतून चढतो, सरडा तो जागा बदलून मिळवतो. जागा बदलायला वावच नसलेल्या पेटीत त्याची ही सोय आपण काढून घेतलेली असते.

यावर पहिला आक्षेप येतो तो हवामानाचा: आपल्याकडे काय थंडी आहे? पण खोलीतली हवा आणि पोटाखालची जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यात जानेवारीच्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, आणि वातानुकूलित खोलीत तर बाराही महिने हिवाळाच. विदर्भातल्या मे महिन्यात प्रश्न उलटा होतो. तिथे पालीला पळून जायला 24 ते 26 अंशांचा कोपरा नसेल, तर ती उष्म्यानेही अन्न सोडते. म्हणून पेटीला एक उबदार टोक आणि एक गार टोक हवे, दोन्हीकडे लपायला जागा हवी, आणि हीट मॅटला थर्मोस्टॅट हवाच. काचेवर चिकटवलेला गोल तापमापक हवेचे तापमान सांगतो. तो बघून समाधान मानणे मला धोक्याचे वाटते. संवेदकाची तार पाल जिथे पोट टेकते तिथे ठेवावी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पालीला आवडनिवड नसतेच का? असते, आणि ती नाकारण्याचे कारण नाही. लेपर्ड गेको भक्ष्याचा गंध ओळखते, त्याची हालचाल टिपते, आणि मेणातल्या अळ्यांची चटक लागली की रातकिड्याकडे पाठ फिरवते. पण आवड आणि उपासमार यांत अंतर आहे. ऊब मिळालेली, निरोगी पाल नावडता रातकिडा चारदोन दिवस नाकारेल. तेवढ्याने ती वाळत नाही. अळ्यांच्या चरबीवर पोसलेली पाल मात्र लठ्ठ होऊनही आतून कमजोर राहते. रातकिड्यातही फॉस्फरस कॅल्शियमच्या कैक पट असतो, खरे तर कॅल्शियमच जास्त हवे. म्हणून किड्यांनाच आधी एक-दोन दिवस पौष्टिक खाणे घालावे, आणि पेटीत सोडताना त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी शिंपडावी. ती लगेच खाल्ली गेली तर उपयोग, नाहीतर किडे अंग साफ करून ती झटकून टाकतात. अंगणातले किडे पकडून घालू नयेत. फवारणीचे विष त्यांच्या पोटात असू शकते. काजवे तर मुळीच नकोत. अमेरिकेत फोटिनस काजवा खाल्ल्याने पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत.

तिसरा आक्षेप पोटतिडकीचा असतो: आम्ही तापमान मोजत बसू आणि पाल उपाशी मरेल, त्यापेक्षा तोंड उघडून भरवलेले काय वाईट? ही काळजी मला कळते. आपल्याकडे माया ताटातूनच व्यक्त होते, पाहुण्यालाही आग्रह करकरून वाढतो. पण गार शरीरात आग्रहाने घातलेला घास पचत नाही, आणि जबरदस्तीच्या झटापटीने आधीच बिथरलेली पाल आणखी बिथरते. शिवाय निसर्गाने तिला शिदोरी दिली आहे. तिची जाड शेपटी म्हणजे चरबीचा साठा. धडधाकट मोठी पाल त्यावर काही आठवडे काढू शकते. नव्या घरात आल्यावर, कात टाकताना, अंड्यांच्या काळात मादी आणि विणीच्या हंगामात नर काही दिवस अन्न सोडतात, यात आजार नसतो.

तरी उबेने सगळेच प्रश्न सुटतात असे मी म्हणत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीने आतडी पोखरलेली पाल उत्तम ऊब असूनही वाळत जाते; शेपटी काडीसारखी होणे ही तिची ओळखीची खूण. एनिग्मा या रंगाच्या वाणात मेंदूचा जन्मजात दोष असतो, अशी पाल किड्यावर झेप घेते पण नेम चुकतो. भूक असूनही ती अन्न नाकारते असे वाटते. सैल वाळूच्या पेटीत वाळू गिळून आतडी तुंबलेली असू शकतात. या सगळ्यांपासून साधा गारठा वेगळा काढायला स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा पुरतो. दर आठवड्याला, एकाच वारी वजन वहीत लिहावे. ऊब नीट करून दोन आठवडे झाले आणि मोठ्या पालीचे वजन स्थिर असेल, तर वाट बघावी. ते सतत उतरत असेल, किंवा पाल अजून पिल्लू असेल, तर थांबू नये. ताजी विष्ठा डबीत घेऊन पशुवैद्याकडे जावे, आणि सोबत वहीही न्यावी. उबदार टोकाला तापमान किती होते, हा आकडा त्या वहीत वजनाच्या शेजारीच लिहिलेला असावा.